कंबरदुखीसाठी मानसशास्त्रज्ञाकडे: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी हिशेब सांगतो, म्हणजे घाईतल्या माणसाचं काम होईल. मार्च ते नोव्हेंबर, मिरजेतल्या एका पेन क्लिनिकमध्ये (जुनाट दुखण्याच्या दवाखान्यात) मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे अकरा सिटिंग, दर वेळी सहाशे रुपये. दुखणं दहापैकी सातावरून साडेचारवर आलं. गेलेलं नाही. पण सलग बसणं वीस मिनिटांवरून सव्वा तासावर गेलं आणि रोजच्या दोन गोळ्या महिन्याला चार-पाचवर आल्या.

कंबर धरली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. सांगलीत इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली त्या आठवड्यात आमच्या गावभागातल्या घरातलं लोखंडी कपाट मी आणि धाकट्या भावानं जिन्यातून वर चढवलं. मधल्या पायरीवर उसण भरली. पूर ओसरला, घरातला गाळ निघाला, उसण काही निघाली नाही. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर बैठक, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या, संगणकावर नोंदी. त्यानंतर मलमं, शेक, कंबरपट्टा, दोन हाडांचे डॉक्टर, तीन फिजिओ आणि कुणीतरी सांगितलेला एक मालिशवाला, सगळं झालं. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती झिजलेली आणि जराशी फुगलेली निघाली. तो रिपोर्ट मी लॅमिनेट करून घेतला होता, हसू नका. एका डॉक्टरांनी तो पाहून फाइल मिटली आणि म्हणाले, ‘विशेष काही नाही, मनाचं आहे.’ ते वाक्य मी वर्षभर उरावर घेऊन फिरलो. म्हणजे मी सोंग करतोय?

म्हणून मिरजेच्या भूलतज्ज्ञांनी (पेनचे डॉक्टर बहुधा भूलतज्ज्ञ असतात, हे मला तिथंच कळलं) मानसशास्त्रज्ञांकडे चिठ्ठी दिली तेव्हा मी परत फिरायच्या बेतात होतो. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिलंच वाक्य त्यांनी टाकलं, ‘काका, तुमचं दुखणं खरं आहे. ते तपासायला मी बसलेली नाही.’ तिथं मी जरा सैल झालो.

मग त्यांनी रिपोर्टची हवा काढली. २०१५ मध्ये अशा पाहण्यांचा एकत्र आढावा निघाला होता, ज्यांचं काहीही दुखत नाही अशा लोकांच्या पाठीच्या स्कॅनचा. त्यात पन्नाशीच्या १०० जणांमागे साधारण ८० जणांची चकती झिजलेली आणि ६० जणांची फुगलेली निघाली. माझ्या वयाला रिपोर्ट कोरा निघाला असता तरच नवल. दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलं की त्याला जुनाट म्हणतात. तोवर मूळ इजा बहुतेक भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते आणि साध्या ताणालाही धोक्याची घंटा वाजवते. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलेला गेटचा सिद्धांत त्यांनी कागदावर काढून दाखवला. वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मणक्याच्या पातळीवर एका दारातून जातात आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. भीती, काळजी, सतत तिकडंच लक्ष, याने दार उघडतं. सांगलीच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचललेत यावरच आमचा ऑगस्ट ठरतो. पाऊस तेवढाच असला तरी.

त्यानंतर डायरी. वेळ, काय करत होतो, दुखणं शून्य ते दहा आणि मनात काय चाललं होतं. आयुष्यभर दुसऱ्याची कीर्द लिहिलेला माणूस मी, हे काम आवडीनं केलं. सौद्याच्या दिवशी, पोत्यांच्या धुळीत सहा तास ऊठबस चालायची, आकडा पाच. रविवारी घरी गादीवर आडवा, आकडा सात. मला वाटलं मांडणीत चूक आहे. दोनदा तपासलं. मग जुलैत त्यांनी पुन्हा लिहायला लावलं तेव्हा आणखी एक नोंद सापडली. व्हॉट्सॲपवर पाणीपातळीचा मेसेज आला की पंधरा-वीस मिनिटांत कमरेत कळ. इर्विनवर इशारा पातळी ४० फुटांची. पाणी तिशीच्या आत असतानाही माझी कळ आठवर. खुर्ची तीच, बसणं तेच. ग्रुप म्यूट करून सकाळी आणि रात्री एकदाच आकडा बघायचं ठरवलं. पहिल्या तीन दिवसांत मी चोरून बघितला, हेही लिहिलं.

सर्वांत जास्त उपयोग मात्र तांब्याचा झाला. गेली चार वर्षं मी जमिनीवरची वस्तू कमरेतून वाकून उचलली नव्हती. मॅडमनी फिजिओंना शेजारी बसवून स्टुलावर रिकामा तांब्या ठेवला.

‘वाकलात तर काय होईल?’

‘चकती सटकेल. पाय लुळा पडेल.’

‘किती टक्के खात्री?’

‘नव्वद.’

वाकलो. ओढ बसली, आकडा सहा, दहा मिनिटांनी पाच. पाय जागेवर. पुढच्या वेळी पाटावर, मग जमिनीवर, मग पाणी भरून. घामानं बनियन भिजला होता, वजन एक किलोही नसेल. चालण्याचंही असंच. आमराई बागेत आधी एक फेरी, पुढं दर आठवड्याला थोडी वाढ. नियम असा की बरं वाटतंय म्हणून जास्त नाही आणि दुखतंय म्हणून कमी नाही. हे फार अवघड आहे, कारण बरं वाटलं की माणूस चार दिवसांची कामं एकाच दिवशी उरकतो आणि पुढचे तीन दिवस झोपतो. मी पाच वर्षं हेच करत होतो.

चौथ्या सिटिंगला म्हणाल्या, ‘काकूंना घेऊन या.’ आमच्या घरी तोवर ताट हातात, चप्पल पायाशी आणि दिवसातून पंधरा वेळा ‘दुखतंय का हो?’ मॅडमनी हिला विचारलं, ‘काकांचं दुखत नसतं तेव्हा तुम्ही दोघं कशावर बोलता?’ आम्ही दोघंही गप्प. मग हळूच सांगितलं की कण्हल्याबरोबर धावून जाऊ नका, फिरून आले की जवळ बसा. हिचा चेहरा पडला. ‘म्हणजे मी काळजी करते म्हणून यांची कंबर दुखते होय?’ मॅडमनी बरंच समजावलं, पण वडापच्या जीपमध्ये विश्रामबाग येईपर्यंत ही खिडकीबाहेर बघत होती. दोन दिवसांनी सकाळी गादीवर चहा आला नाही. आतून आवाज आला, ‘चहा झालाय, इकडं येऊन घ्या.’ मी कण्हत उठलो. ओट्यापाशी दोन कप होते आणि हिनं शेंगदाणे निवडायला अर्धं ताट माझ्यापुढं सारलं.

आता तक्रारी. प्रश्नावलीचं मराठी भयंकर. शरीर सैल सोडण्याचं रेकॉर्डिंग हिंदीत, त्यातल्या ‘अपनी साँसों पर ध्यान दीजिए’ला मी हमखास घोरतो. विमा कंपनीनं एक रुपया दिला नाही. भूलतज्ज्ञांनी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिली होती. नेटवर ‘डिप्रेशनची गोळी’ वाचून मी आठवडाभर घेतलीच नाही. कमी मात्रेत ती जुनाट वेदनेवरही देतात, हे देतानाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. घेतल्यावर झोप लागली, तोंडाला कोरड पडली. तीन महिन्यांनी त्यांनीच बंद केली.

आणि अपेक्षा बेतानं ठेवा. जुनाट दुखण्यावरच्या अशा मानसशास्त्रीय उपचारांच्या ७५ प्रयोगांचा, नऊ हजारांवर रुग्णांचा आढावा २०२० मध्ये आला. त्यात वेदनेवर फायदा दिसतो, पण छोटा. मुळापासून घालवतो म्हणणारा भेटला तर पाकीट सांभाळा. शिवाय आधी तपासण्या हव्यातच. पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, ताप येतोय किंवा वजन विनाकारण उतरतंय, तर डायरी लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

भावानं मागितलं म्हणून लॅमिनेट केलेला रिपोर्ट त्याला दिला, त्याचीही कंबर धरलीय. त्याला मॅडमचा नंबरही दिलाय, पण तो म्हणतो, ‘मला काय वेड लागलंय?’ माझी पुढची भेट जानेवारीत, नवी हळद यायच्या सुमारास. मालकांकडं अर्ध्या दिवसाची रजा मागायची आहे. आजवर फिजिओकडं जातो असंच सांगत आलोय.