घरात कपडे वाळवण्यासाठी डिह्युमिडिफायर : नाशिकच्या फ्लॅटमधला जून ते फेब्रुवारीचा अनुभव

जूनच्या सुरुवातीला डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारं मशीन, घेतलं, आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे अख्खा पावसाळा, परतीचा पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा आणि नाशिकची थंडी सगळं वापरून झालंय, आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगतो. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे, रोज धुवावाच लागतो असा युनिफॉर्म आहे आणि बाल्कनीत ऊन येत नाही, अशा घरांनी जरूर घ्यावं. ज्यांना मोकळी गच्ची किंवा पत्र्याची शेड आहे त्यांनी घेऊ नये, पैसे वाचवावेत.

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याच्या बाजूला, दुसरा मजला, टू बीएचके. ड्राय बाल्कनी उत्तरेला आणि समोर लगेच दुसरी बिल्डिंग, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ऊन सोडा, वारासुद्धा नीट लागत नाही. घरात आम्ही पाच जण, आईला जुना दमा, बायको दवाखान्यात शिफ्टला, तिचा युनिफॉर्म रोज स्वच्छ आणि खडखडीत वाळलेलाच लागतो, आणि दोन्ही पोरांची शाळा. धुणं माझ्याकडे. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, रामकुंडावर दुतोंड्या मारुती पाण्यात गेला अशा बातम्या येतात तेव्हा आमच्याकडे दोन-दोन दिवसांचे कपडे दांडीवर तसेच लोंबत असतात आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला कपाटामागे काळे ठिपके धरतात, हे दर वर्षीचं होतं.

मशीन घ्यायच्या आधी मी एक साधा हिशोब केला, आणि मला वाटतं हा प्रत्येकाने एकदा करावाच. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा असतो ना, त्याला बादली अडकवून वॉशिंग मशीनमधून काढलेले कपडे मोजले आणि वाळल्यावर तेच परत मोजले. फरक आला २ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे एका धुण्यातलं सव्वादोन लिटरच्या वर पाणी वाफ होऊन घरातल्या हवेत जातं. आता खोली १० बाय ११ ची, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. २६ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, म्हणजे पूर्ण खोलीत पाऊण लिटरही नाही, आणि पावसाळ्यात त्यातली तीन चतुर्थांश जागा आधीच भरलेली असते. मग उरलेलं पाणी जाणार कुठे? भिंतीत, गादीत, कपाटात, पुस्तकांत. आणि कपडे तरी वाळणार कसे, हवेत जागाच नाही.

लोक सांगतात खिडक्या उघड्या ठेवा. थंडीत हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, पण भर पावसात बाहेरची हवाच ९० टक्क्यांच्या वर आर्द्रतेची असते, ती आत घेऊन काय वाळणार? फॅन लावला की कपड्यांजवळची ओली हवा हलते, म्हणून थोडं लवकर वाळतं, पण ते पाणी खोलीतच राहतं.

डिह्युमिडिफायर नेमकं हेच पाणी पकडतं. आत फ्रीजसारखा काँप्रेसर आणि गार कॉइल असते, फॅन खोलीतली हवा त्यावरून ओढतो, हवा दवबिंदूच्या (ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्या) खाली गार झाली की पाणी थेंबथेंब टाकीत पडतं आणि तीच कोरडी झालेली हवा पुढे गरम कॉइलवरून तापून बाहेर येते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिटच्या थोडी खाली एवढी उष्णता लागते, वाफेचं परत पाणी झालं की ती उष्णता खोलीतच सुटते, शिवाय मशीनने खाल्लेली वीजही उष्णता होऊन खोलीतच राहते, म्हणून मशीन चालू असताना खोली दोन-तीन अंश गरम होते. कपड्यांना ते फायद्याचंच, पण त्या खोलीत तेव्हा बसवत नाही हे लक्षात ठेवा.

माझं मशीन १२ लिटरवालं (हा टाकीचा आकार नाही, २४ तासांत पाणी काढायची क्षमता), १५ हजारांच्या आतबाहेर मिळालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मॉडेल दर वर्षी बदलतात. घरी आल्यावर लगेच चालू करू नका, वाहतुकीत आडवं झालेलं असू शकतं, फ्रीजसारखंच काही तास उभं ठेवायचं म्हणजे काँप्रेसरचं ऑइल खाली बसतं. त्यासोबत एक छोटा आर्द्रता मीटर घ्या, काही शेकड्यांत मिळतो. मीटर नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

आता रोजची पद्धत. रात्री जेवण झाल्यावर वॉशिंग मशीन लावतो आणि टॉवेल, जीन्स, चादरी असतील तर शेवटी एक स्पिन जादा. हे फुकटच्या भावात मिळणारं सगळ्यात मोठं काम आहे, ८०० ऐवजी १२०० च्या वेगाने फिरवलं तर तेवढ्याच कपड्यांतून अर्ध्या किलोच्या वर पाणी जास्त निघालं, आणि जे पाणी पिळून गटारात गेलं ते हवेत येतच नाही. मग छोट्या बेडरूममध्ये घडीचं स्टँड भिंतीपासून हात-दीड हात लांब, कपड्याकपड्यांत चार बोटं अंतर, शर्ट हँगरला, जीन्स उलट्या करून खिसे बाहेर काढून. खिडकी बंद, दार बंद, दाराखालच्या फटीला जुना टॉवेल, डिह्युमिडिफायर ५० टक्के आर्द्रतेवर सेट आणि सोबत टेबल फॅन कमी वेगावर कपड्यांकडे तोंड करून. बंद खोली हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, दार उघडं राहिलं तर ते बिचारं मशीन अख्ख्या घराची हवा कोरडी करत बसतं आणि कपडे ओलेच. शर्ट, युनिफॉर्म तीन-चार तासांत, टॉवेल सहा तासांत, जीन्सच्या कमरेची पट्टी सकाळपर्यंत. सकाळी टाकीत अडीच लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे कपड्यांतलं तर आलंच, वर भिंतीगादीतलंही थोडं.

वासाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त त्रास याचाच होता. पावसाळ्यातल्या टॉवेलचा तो कुबट वास ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातला मुख्य जिवाणू दाखवला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस, आणि तो कोरडं पडणं किंवा अतिनील किरणं यांना सहजासहजी दाद देत नाही असंही त्यांना दिसलं. म्हणूनच वाळल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि अंग पुसलं की परत येतो. अशा टॉवेलवर सुगंधी कंडिशनर ओतून उपयोग नाही, उलट कंडिशनरने टॉवेल पाणी कमी शोषतो. तो एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवायचा आणि मग पटकन वाळवायचा. कपडा किती तास ओला राहतो यावर सगळं आहे. माझा मामेभाऊ दिंडोरीकडे द्राक्षं लावतो, तो पावसात पहिलं हेच बघतो की पानं किती तास ओली राहिली, त्यावरून डावणी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) येणार का ते ठरतं, आमच्या टॉवेलचं अगदी तसंच आहे. मशीन आल्यापासून युनिफॉर्मला वास आला नाही आणि बायकोची सकाळी ओल्या कॉलरवर इस्त्री फिरवायची धावपळ थांबली.

आईचं सांगतो, जपून सांगतो. मशीनमुळे दमा बरा झाला असं अजिबात म्हणणार नाही, इनहेलर डॉक्टरांनी सांगितलाय तसा चालूच आहे. पण दमट घर आणि बुरशी यांचा दम्याशी, श्वासाच्या तक्रारींशी संबंध आहे हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट मांडलंय. धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, ॲलर्जीचं एक कारण) पाणी पीत नाहीत, हवेतूनच ओलावा घेतात, त्यामुळे आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांना तग धरणं जड जातं. तिच्या खोलीत कपडे वाळत घालणं आम्ही पूर्ण बंद केलं, दुपारी तासभर मशीन तिच्या खोलीत फिरवतो, मीटर ७८-८० वरून ५५ च्या आसपास येतो. या पावसाळ्यात तिचं रात्री उठून खोकत बसणं कमी होतं, तिला झोप लागत होती, आणि माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले. ठिपकेवाली भिंत पुसताना तिला दुसऱ्या खोलीत बसवा आणि कोरड्या फडक्याने झटकू नका, बुरशीचे बीजाणू उडतात, मास्क लावून ओल्या फडक्यानेच पुसा. कपाटात डांबरगोळ्या टाकायचंही आम्ही बंद केलं, त्या वासाने तिला त्रास व्हायचा.

वीज. माझं मशीन साधारण २५०-३०० वॉट खातं, पाच तास चाललं तर दीड युनिटच्या आत. महावितरणचा आमचा स्लॅब सगळे आकार धरून युनिटला बारा-तेरा रुपयांपर्यंत पडतो, म्हणजे एका धुण्याला वीसेक रुपये. तुमचा वापर महिन्याला ३०० युनिटच्या काठावर असेल तर वरचा स्लॅब लागू शकतो, ते बघा.

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. आवाज. जुन्या फ्रीजसारखी सलग घरघर, त्याच खोलीत झोपणाऱ्याला जमणार नाही, आमची छोटी खोली रात्री रिकामी असते म्हणून चाललं. दुसरं, लाइट गेली आणि परत आली की मशीन आपोआप चालू होत नाही, पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको, सकाळी उठून बघावं तर कपडे अर्धवट ओले. घेताना ऑटो रिस्टार्ट आहे का हे नक्की विचारा. टाकी भरली की बंद पडतं, तिथपर्यंत ठीक, पण टाकी लहान आहे, चादरींच्या दिवशी मी मागचा पाइप लावून सरळ बाथरूममध्ये सोडतो. फिल्टर पंधरवड्याला नळाखाली धुवावा लागतो, कपड्यांचे धागे फार अडकतात, तो तुंबला की पाणी कमी आणि बिल जास्त.

टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकता येईल का असं दोन-तीन शेजाऱ्यांनी विचारलं. टाकू नका. दिसायला डिस्टिल्डसारखं असलं तरी त्यात धूळ, जंतू आणि कॉइलच्या धातूचे अंश येतात. प्यायचं तर नाहीच. मी फरशी पुसायला वापरतो.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. बाहेरून भिंतीत पाणी मुरत असेल तर हे मशीन त्यावर उपाय नाही. ओळखायचं असेल तर भिंतीचा तो तुकडा कोरडा पुसून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर दोष घरातल्या दमट हवेचा, भिंतीकडच्या बाजूला ओल आली तर पाणी भिंतीतूनच येतंय. आमच्याकडे बेडरूममध्ये पहिलं निघालं, पण हॉलच्या कोपऱ्यात दुसरं निघालं, तिथे रंगाचे पोपडे अजून पडतातच आणि सोसायटीने बाहेरून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय ते थांबणार नाहीत.

दिवाळीनंतर मशीन जवळजवळ कपाटावरच आहे. नाशिकची थंडी कोरडी, पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी त्या हवेत पाणीच कमी असतं, ती आत येऊन घरात थोडी तापली की कपड्यातला ओलावा छान ओढून घेते. समोरासमोरच्या दोन खिडक्या दुपारी उघड्या ठेवल्या की बाल्कनीत ऊन नसतानाही संध्याकाळपर्यंत कपडे वाळतात. तसंही काँप्रेसरचं मशीन गार खोलीत कमी पाणी काढतं, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यातच वेळ जातो. मधे अवकाळी पाऊस आला तेवढ्यापुरतं खाली काढलं.

बाकीच्या पर्यायांचं थोडक्यात. एसी असेल तर आधी त्याचा ड्राय मोड वापरून बघा, काम तेच करतो, फक्त खोली गार होते आणि वीज जास्त लागू शकते. ओलावा शोषणारे डबे कपाटापुरते ठीक, धुण्यासमोर त्यांचा टिकाव लागत नाही. बंद खोलीत रूम हीटर लावून कपडे वाळवले तर वाफ पटापट निघते आणि गार भिंतीवर जाऊन बसते. आणि गॅसच्या शेगडीवर मोजे, बनियन धरणं कृपा करून बंद करा, आगीचा धोका आहेच, शिवाय गॅस जळताना स्वतःच पाण्याची वाफ सोडतो आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडची भीती. ड्रायर घेणार असाल तर व्हेंटेड आहे का विचारा, त्याचा पाइप खिडकीबाहेर काढला नाही तर सगळी वाफ घरातच.

डिह्युमिडिफायर घेताना खोक्यावर जे '१२ लिटर' लिहिलेलं असतं ते २४ तासांचं असतं, आणि बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं. आपल्या घरात ५५ टक्क्यांकडे जाताना त्याच्या निम्म्याच्या आसपास धरा. म्हणून पाच माणसांच्या धुण्याला १० लिटरच्या खालचं घेऊ नका, आणि ते जे डब्याएवढे छोटे चार-पाच हजारांचे, काँप्रेसर नसलेले मिळतात ते दिवसाला अर्धा-पाऊण लिटर काढतात, ते कपाटासाठी घ्या, कपड्यांसाठी नको.