बार्बाडोसला ताईबरोबर सात दिवस: फ्लॅटला साडेतीन तारे

ताईच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. त्यानंतर आम्ही दोघं एका छपराखाली सलग चार दिवस राहिल्याचं मला आठवत नाही. या फेब्रुवारीत राहिलो, तेही थेट वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर. दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला स्वयंपाकघरासकट दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाई स्वभावानं लाख होत्या आणि माझ्या तक्रारी बऱ्याच आहेत.

जाहिरातीत 'समुद्रालगत' असं लिहिलं होतं. समुद्र दोन मिनिटांवर होता हे खरं, पण मध्ये हमरस्ता, आणि त्यावरून रात्री उशिरापर्यंत गाणी वाजवत सुटलेल्या पांढऱ्या व्हॅन. एसी एकाच खोलीत. ती खोली मी ताईला दिली, तिनं मला परत दिली, असं दोन दिवस चाललं. शेवटी दोघंही खिडक्या उघड्या टाकून झोपलो, तर बाहेर बेडकांची शिट्टी सुरू. नखाएवढे बेडूक, पण अंधार पडला की पहाटेपर्यंत दम खात नाहीत. ताईला पहिल्या रात्री वाटलं, फ्रिज बिघडलाय. उठून त्याचा प्लग काढून आली. सकाळी दूध नासलेलं.

पैशाचं एक सांगून ठेवतो. तिथे कुणी 'पन्नास डॉलर' म्हणालं की आधी विचारायचं, कुठले? त्यांचे दोन म्हणजे अमेरिकेचा एक, हा भाव १९७५ पासून बांधलेला आहे. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यायचं. मी पहिल्या दिवशी विचारलं नाही. दुप्पट गेले. ताईनं हे घरी फोन करून सगळ्यांना सांगितलं. नंतर मात्र बसनंच फिरलो. तिथले साडेतीन डॉलर, सुट्टे हातात धरून चढायचं, कारण सरकारी बसमध्ये परत मिळत नाहीत. थांब्याच्या पाटीवर एवढंच लिहिलेलं असतं: शहराकडे, किंवा शहराबाहेर. ताईला ही व्यवस्था फार पटली.

आता फ्लॅटचे तारे जिथून आले ते. स्वयंपाकघर. सुरी धारदार, तवा जाड, आणि नळाचं पाणी बेलाशक प्यावं असं. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा, पाणी तिच्यातूनच गाळून येतं. बाजारात ताईला नीरफणस दिसला आणि माझं बाहेर जेवायचं वेळापत्रक संपलं. रवा शोधत बसली नाही. तिथे घरोघरी मक्याचं पीठ असतं, त्यात घोळवून तिनं काप तळले. तिखट पिशवीतलं, घरून आणलेलं. मालकीणबाईंनी चार काप खाल्ले आणि त्यांचा पिवळाजर्द, मोहरी घातलेला मिरचीचा सॉस आणून दिला. तो थेंबाथेंबानं घ्यावा. मी चमच्यानं घेतला.

शुक्रवारी रात्री ऑयस्टिन्सला जा, याबद्दल माझं दुसरं मत नाही. कोळ्यांचं गाव, ओळीनं टपऱ्या, निखाऱ्यावर मासे, सोबत मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी. लवकर गेलात तर बसायला बाक मिळेल. ताईचा शेरा: 'मासा ताजा आहे, पण हळद लावली असती तर...' तरी काटा चोखून ठेवला.

पोहायचं तर दक्षिण किंवा पश्चिम किनारा. पूर्वेला बाथशिबाला अटलांटिक समोरून आदळतो, तिथे खडक बघायचे आणि परत यायचं. पश्चिमेला एक सावधगिरी: खोडावर लाल पट्टा असलेलं झाड दिसलं की लांबून जा. मँचिनील. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, पण विषारी. चिकानं कातडीला फोड येतात, पावसात त्याच्याखाली उभंही राहू नये. रस्त्यात पडलेलं कुठलंही फळ उचलून हुंगायची ताईला लहानपणापासून सवय, म्हणून मी तिचा हात धरून चाललो. चाळीस वर्षांपूर्वी हे उलटं होतं.

राजधानी ब्रिजटाउनला केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान फक्त बाहेरून पाहिलं. क्रिकेटपटू सोबर्स यांच्या पुतळ्याशेजारी उभी राहून ताईनं इथल्याच टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलमधला, २९ जून २०२४ चा सूर्यकुमारचा झेल हातवारे करून मला पुन्हा दाखवला. सीमारेषा म्हणून फुटपाथची कड. दोन शाळकरी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आरामाचं म्हणाल तर ताईला तो जमत नाही. खुर्चीत पाच मिनिटं बसली की टॉवेलच्या घड्या घालायला लागते. पण तिच्या पाचला उठण्यामुळेच एक गोष्ट बघायला मिळाली, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. कार्लाइल बेच्या पेबल्स किनाऱ्यावर उजाडताना शर्यतीचे घोडे समुद्रात आंघोळीला आणतात. लगाम धरलेली माणसं छातीभर पाण्यात, घोडे मान वर काढून पोहतायत, आणि फुरफुरण्याखेरीज आवाज नाही. ताई सलवार वर दुमडून गुडघाभर पाण्यात शिरली. एक तपकिरी घोडा तिच्या इतक्या जवळून गेला, की तिची ओढणी भिजली. पिळलीसुद्धा नाही तिनं.

'उद्या साडेचारला उठू,' एवढंच म्हणाली.