लॉआधीचं एक वर्ष: क्लॅट, वकिलाचं ऑफिस की नोकरी?

बारावीनंतर लॉला जाण्याआधी एक वर्ष थांबायचं का? आधी हातात जागा आहे का ते बघा. मिरामारच्या साळगावकर किंवा मडगावच्या कारे कॉलेजात पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला प्रवेश मिळत असेल आणि पुढे वकिली गोव्यातच करायची असेल, तर माझं मत सरळ आहे: थांबू नका. मिळालेली जागा वर्षभर राखून ठेवायची पद्धत आपल्याकडे सहसा नाही. क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा; तिचे गुणही त्याच वर्षापुरते चालतात. शिवाय थांबण्याचं एक आणि लॉची पाच मिळून सहा वर्षं होतात. तेवढ्यात तीन वर्षांची पदवी आणि त्यानंतरची तीन वर्षांची एलएल.बी.ही होते. लॉच करायचं की नाही याचीच खात्री नसेल, तर घरी बसण्यापेक्षा बी.कॉम.ला नाव घातलेलं बरं.

जागा नाही, किंवा बंगळूर-मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांवरच डोळा आहे, त्यांच्यासाठी खरी तुलना आता सुरू होते.

क्लॅटसाठी ‘ड्रॉप’ घेतला म्हणतात, पण परीक्षा हल्ली डिसेंबरात होते. म्हणजे बारावीनंतर हातात असतात सहा-सात महिने. 120 मिनिटांत 120 प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा, आणि सगळा पेपर इंग्रजी उतारे वाचून सोडवायचा. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना तर्क जमतो, अडतं ते वाचनाच्या वेगावर. तो रोजच्या वाचनाने वाढतो, क्लासच्या जाड नोट्सनी नाही. यंदा थोडक्यात हुकलं असेल तर ड्रॉप घ्यावा. पण चतुर्थीपर्यंत सराव परीक्षांचे गुण जागचे हलले नाहीत, तर गोव्यातल्या प्रवेशाचीही तयारी ठेवावी.

वकिलाच्या ऑफिसात यातलं काही होत नाही. तिथे कागद कळतात. म्हापसा, डिचोली किंवा फोंड्यात दिवाणी कामं करणारं छोटं ऑफिस बघा. मोठ्या नावाच्या मागे लागू नका, तिथे तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. सुरुवातीला झेरॉक्स, पानांवर आकडे घालणं, डायरीत तारखा लिहिणं, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणणं. मग एखादी इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचं कोर्टातलं काम, हाती येते, आणि गोव्याचा कायदा म्हणजे काय ते दिसायला लागतं.

लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर इथे नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यातून आलेली ही रीत. वारशाचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आहे, तो 2016 पासून लागू झाला. त्यामुळे आजोबांचं भाट, म्हणजे माडांची बागायत, वाटायला काढलं की सहा भावंडांबरोबर त्यांच्या नवऱ्या-बायकांचीही नावं अर्जात येतात. एखादा भाऊ वारलेला असेल तर त्याची मुलं, आणि लग्न झालेल्यांचे जोडीदार. एक जावई दुबईत, एक सून भांडून माहेरी. कुणाला नोटीस पोचली, कुणाची परत आली, यातच तारखा पडत राहतात. असली वंशावळ स्वतः कागदावर काढून बघा, मग वारसा कायद्याचा तास कंटाळवाणा वाटणार नाही.

पण हे काम कोर्समधल्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये धरत नाहीत, आणि सहा महिन्यांनंतर नवं फारसं काही शिकायला मिळत नाही; तुम्ही वकिलाचे मुन्शी, म्हणजे कारकून, मात्र होऊन बसता. म्हणून मला पटतो तो मार्ग असा: डिसेंबरपर्यंत क्लॅट, जानेवारी ते एप्रिल ऑफिस. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना सुट्टी असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं स्वयंसेवक होणं हाही पर्याय आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि हे त्यातल्या कितीजणांना माहीतच नसतं! अशांना अर्ज भरून देणं, प्राधिकरणापर्यंत नेणं हे काम. मानधन केलेल्या दिवसांपुरतं. कुणाच्या ओळखीशिवाय कोर्टात शिरायचं असेल तर हे चांगलं.

पणजीत पोर्तुगीज शिकण्याचं खूळ फक्त जमिनीच्या कामात जायचं असेल तरच. जुन्या जमीन नोंदणीतले उतारे त्या भाषेत आहेत, आणि ते वाचू शकणारे वकील कमी होत चाललेत.

हॉटेलातली सीझनची नोकरी? फीचे पैसे हवे असतील तर बिनधास्त करा. नियमित एलएल.बी. करताना नोकरी करण्यावर बार कौन्सिलची बंधनं आहेत, तेव्हा कमवायचं ते आधीच. फक्त रात्रपाळी आणि क्लॅट एकत्र नको.

आणि वकिलाकडे जाताना पैशांचं पहिल्याच दिवशी विचारा. बरेचजण काहीच देत नाहीत. निदान कदंब बसचं भाडं तरी सुटतंय का, ते कळू द्या.