मिशिगनकडून हरलेल्या दोन मॅच: २०२३ की २०२४?

मावसभावाला अमेरिकन कॉलेज फुटबॉलची नवी गोडी लागलीय. विचारतो, "दादा, आपली टीम ओहायो स्टेट मिशिगनकडून हरली त्यातली कुठली मॅच बघू?"

२०२३ला मिशिगनच्या घरी, अ‍ॅन आर्बरमध्ये २४–३० हरलो, पण शेवटपर्यंत झुंजलो. २५ सेकंद उरलेली, आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) मॅकॉर्ड याचा पास मिशिगनच्या रॉड मूरने झेलला आणि सगळं संपलं.

२०२४चा १०–१३ पराभव घरच्या मैदानावरचा, म्हणून जास्त झोंबतो. जेरमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास झेलणारा) कडेला उभा, आणि आपण बॉल घेऊन पुन्हापुन्हा मधूनच घुसतोय, जिथे मिशिगनची भिंत सर्वांत भक्कम! २६ वेळा पळून ७७ यार्ड. त्यात दोन फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन-तीन गुण) हुकले.

थरार हवा तर २०२३. डावपेच कुठे फसतात ते समजून घ्यायचं तर २०२४च बघ.