थँक्सगिव्हिंगसाठी मुलांसोबत: पंजाची टर्की की पानांचे छाप?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण. त्याआधी घरोघरी कागदावर एक टर्की (या सणाचा पक्षी) हमखास होते: तळव्याला तपकिरी रंग, चार बोटांना लाल, पिवळा, केशरी, आणि पंजा कागदावर दाबायचा. अंगठा म्हणजे डोकं, बोटं म्हणजे पिसारा. दोन वर्षांचं मूलही हे करतं. मागे तारीख लिहा; भारतातल्या आजी-आजोबांना पाठवायला याहून गोड काही नाही. रंग मात्र पाण्याने धुतला जाणाराच घ्या.

पानांच्या छापाला हाताची पकड लागते, म्हणून ते चार-पाच वर्षांपुढच्या मुलांचं काम. शिरा वर करून पान ठेवायचं, त्यावर पातळ कागद, आणि वरचा कागद सोललेला क्रेयॉन आडवा घासायचा. मेपलची एकेक शीर उमटायला लागली की मुलं हरखून जातात. वाळून कुरकुरीत झालेलं पान चुरतं. नुकतंच पडलेलं, मऊ पान हवं. न्यू इंग्लंडकडे (अमेरिकेच्या ईशान्येला) राहत असाल तर ऑक्टोबरातच गोळा करून जाड पुस्तकात दाबून ठेवा. आणि तीन-तीन पानांच्या लालबुंद पॉयझन आयव्ही या विषारी वेलीला हात लावू देऊ नका, फार खाज सुटते.

घरात अगदी लहान मूल असेल तर टर्कीच. शाळेत जाणाऱ्यांसाठी मी पानं निवडेन. त्या निमित्ताने मुलं झाडं ओळखायला शिकतात.