गाडी टोटल लॉस: सॅल्वेज विमा कंपनीला द्यायचं की आपल्याकडे ठेवायचं?

पुणे हायवेवर ठोकलेली गाडी टोचन करून सोलापूरच्या वर्कशॉपला आणली आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर ‘टोटल लॉस’ म्हणून गेला, म्हणजे विषय संपला असं नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या विमा किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, तरच गाडी टोटलमध्ये जाते. आयडीव्ही ५ लाख धरा. मग खर्च पावणेचार लाखांच्या वर दिसायला हवा. एस्टिमेट आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत आधी मागून घ्या. खर्च त्याच्या आत असेल तर दुरुस्तीचा आग्रह धरता येतो. मात्र झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक-रबरच्या पार्टचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात.

खर्च वरच गेला, तर दोन वाटा उरतात.

पहिली: सॅल्वेज, म्हणजे ठोकलेली गाडी आहे तशी, विमा कंपनीच्या ताब्यात द्यायचं आणि पूर्ण आयडीव्ही घ्यायची. त्यातून सक्तीची कपात फक्त १००० रुपये, इंजिन १५०० सीसीच्या वर असेल तर २०००. पॉलिसीच्या अकराव्या महिन्यात अपघात झाला तरी आयडीव्ही तीच राहते, त्यामुळे ‘आता बाजारभाव कमी झालाय’ हे ऐकून घेऊ नका.

दुसरी: सॅल्वेज आपल्याकडे. कंपनी त्याची किंमत, समजा १,८०,०००, वजा करते आणि ३ लाख १९ हजार देते. खरी ओढाताण इथेच होते. कंपनीने आकडा जितका फुगवला तितका तुमचा चेक बारीक. म्हणून सरळ विचारा, ‘एवढ्याला घेणारा कोण? त्याची ऑफर लेखी द्या.’ घेणारा नसेल तर तो आकडा मान्य करायचं कारण नाही.

ओळखीचा मेकॅनिक आहे, इंजिन शाबूत आहे आणि दुरुस्तीचा खर्च लेखी हातात आहे, तरच दुसरी वाट परवडते. वीस-तीस हजार जास्त मिळतात म्हणून भंगारवाल्याला गाडी देऊन टाकणारे बरेच असतात. आरसी मात्र तुमच्याच नावावर राहते. त्याच चेसिस नंबरवर उद्या चोरीची गाडी फिरली, तर पोलीस तुमच्या दारात. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या नुकसानभरपाईला जबाबदार तोच, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. मला विचाराल तर, गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची नसेल तर पहिलीच वाट धरा.

कर्ज असेल तर दोन्हीकडे पैसे आधी बँकेला, उरलं तर तुम्हाला. रिटर्न टू इन्व्हॉइस हे जादा कव्हर घेतलं असेल तर हिशोबच बदलतो, बिलाच्या किमतीपर्यंत पैसे मिळतात. तेव्हा पॉलिसीची ती ओळ आधी शोधा.

गाडी कायमची मोडीत निघाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला, म्हणजे आपल्या एमएच-१३ ला, कळवून आरसी जमा करायची असते. पोचपावती जपून ठेवा.

२०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअरने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि तो मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. त्यावर वाद झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षाच्या आत जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि मर्यादा ५० लाखांची आहे. सोलापुरातच लढायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत २ वर्षं. सॅल्वेजच्या आकड्यावरून भांडण असेल तर मी आधी लोकपालांकडे जाईन. तोवर ‘फुल अँड फायनल’च्या व्हाउचरवर सही करू नका.