३०२, ३०४ की ३०४अ? खून, सदोष मनुष्यवध आणि अपघात यातला फरक

घरातल्या कुणावर एफआयआर झाला किंवा आपलंच माणूस गेलं की पहिला प्रश्न हाच, कलम कुठलं लावलंय आणि ते बरोबर आहे का. आधी घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे खुनाचं तोंडात बसलेलं ३०२ आता १०३ झालंय, सदोष मनुष्यवधाच्या ३०४ चं १०५ आणि निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूच्या ३०४अ चं १०६, पण त्याआधीच्या घटनेला जुनीच कलमं लागतात.

जीव तिन्हीत जातो, फरक पडतो तो करणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावरून. ठार मारायचा इरादा होता किंवा जीव जायला पुरेशी अशी जखम मुद्दाम केली तर खून, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. "नुसता धडा शिकवायचा होता" म्हणून भागत नाही, छातीत सुरा खुपसला असेल तर कोर्ट जखम कुठे आणि किती खोल ते बघतं.

खरी ओढाताण होते ती खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यात. अचानक भांडण पेटलं, आधी काही ठरलेलं नव्हतं, रागाच्या भरात एक वार बसला आणि क्रूरपणा केला नाही तर १०५ लागू शकतं. त्यात इरादा असेल तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, नुसती जाणीव, म्हणजे मारायचं नव्हतं पण यातून जीव जाऊ शकतो हे माहीत होतं, असेल तर जास्तीत जास्त १० वर्षं. पण राग अचानकच हवा. १९५९ ची मुंबईतली नौदल अधिकारी नानावटी यांची केस आठवा, बायकोने आहुजाशी असलेलं प्रेमप्रकरण कबूल केल्यावर नानावटींनी तिला आणि मुलांना थिएटरवर सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घालून मारलं. ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं तरी हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, कारण मधे डोकं शांत व्हायला वेळ मिळाला होता.

१०६ म्हणजे निष्काळजीपणा, इरादाही नाही आणि जाणीवही नाही. ५ वर्षांपर्यंत शिक्षा, डॉक्टरांना उपचार करताना झालं तर २, आणि साध्या केसमध्ये जामीन हक्काने मिळतो. म्हणूनच गाडीखाली माणसं गेली की आरोपीचा वकील इथेच यायला धडपडतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गाडीखाली गेले, सेशन्स कोर्टाने ३०४अ खाली फक्त सहा महिने दिले, हायकोर्टाने मात्र दारू पिऊन असं चालवल्यावर माणसं मरू शकतात ही जाणीव होती असं धरून ३०४ खाली ३ वर्षं दिली आणि सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती कायम केली. सात माणसांना ३ वर्षं मला आजही कमीच वाटतात.

आणि निव्वळ अपघात हा गुन्हाच नाही. कायद्यातलंच उदाहरण आहे, कुऱ्हाडीने काम करताना पातं निसटलं आणि शेजारी उभा असलेला माणूस गेला, पुरेशी काळजी घेतली होती तर दोष नाही. दांडा सैल आहे हे माहीत असूनही घाव घातला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

एफआयआरमधलं कलम शेवटचं नसतं, तपासात बदलतं आणि निकाल लागेपर्यंत कोर्टही आरोप बदलू शकतं. त्यामुळे पोस्टमार्टम रिपोर्ट हातात घेऊनच वकिलाकडे जा.